खुणांची भाषा, वैद्यकीय आणीबाणीतील

खुणांची भाषा, वैद्यकीय आणीबाणीतील : अपघात, आकस्मिक आजार, अडलेली प्रसूती, नैसर्गिक आपत्ती इ. प्रसंगी रुग्ण आणि त्यास मदत करणारी व्यक्ती यांच्यात हात, चेहरा व शरीराच्या हालचाली यांच्या द्वारे होणारा अर्थपूर्ण व्यवहार. यात तीन भिन्न प्रकारांचा समावेश होतो. पहिला प्रकार सर्वांना समजणाऱ्या साध्या हावभावांचा, उदा., घास अडकून गुदमरलेल्या माणसाने दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरणे. दुसरा प्रकार हस्तवर्णमालेचा. यात बोटांच्या विशिष्ट रचनेने एकेक अक्षर दाखवून शब्द जुळविला जातो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे कर्णबधिर समाजात पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाणारी, स्वतःचे व्याकरण व शब्दसंग्रह असलेली खुणांची भाषा. मराठीत करपल्लवी हा शब्द पूर्वापार रूढ आहे. पण त्याने हातांच्या खुणांनी चालणारे गुप्त किंवा हौशी संभाषण सुचविले जाते. कर्णबधिरांची भाषा ही त्याहून वेगळी, कोणत्याही बोलभाषेइतकी पूर्ण भाषा आहे.

या विषयाला स्वतंत्र महत्त्व येण्याचे कारण असे, की प्रथमोपचार व तातडीची चिकित्सा यांची जवळजवळ सर्व साधने ऐकणाऱ्या आणि बोलणाऱ्या रुग्णाला गृहीत धरून तयार झाली आहेत. मदतीची हाक, रुग्ण शुद्धीवर आहे काय याची चाचणी, कोठे दुखते हा प्रश्न, शस्त्रक्रियेस संमती या सर्व पायऱ्या आवाजावर अवलंबून असतात. ज्या रुग्णाची भाषा हातांत आहे, त्याच्या बाबतीत प्रत्येक पायरीवर गैरसमज संभवतो. खुणांच्या भाषेच्या वैद्यकीय उपयोगाचा इतिहास हा या गृहीतकाला मिळालेल्या आव्हानांचा इतिहास होय.

रुग्णशय्या व हस्तवर्णमाला : हस्तवर्णमालेच्या सर्वांत जुन्या छापील नोंदींपैकी एक नोंद रुग्णशय्येशी निगडित आहे. मेल्चोर दे येब्रा (१५२६–८६) या स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाचे रेफूजियुम इन्फिर्मोरुम (रुग्णांचा आसरा) हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १५९३ मध्ये माद्रिद येथे प्रसिद्ध झाले. त्यात एका हाताने दाखवावयाची वर्णमाला चित्रांसह दिली असून तिचे श्रेय संत बोनाव्हेन्तूरा याला दिले आहे. मरणासन्न रुग्णाची वाचा जाते, पण शुद्ध शिल्लक असते. अशा वेळी त्याला पापनिवेदन करता यावे आणि धर्मोपदेशकाला त्याचे मन जाणता यावे, हा या वर्णमालेचा प्रमुख हेतू होता. कर्णबधिरांनाही ती उपयोगी पडेल, अशी पुस्तीही लेखकाने जोडली. सारांश, वाचा बंद झालेल्या रुग्णाचे म्हणणे शेवटच्या घटकेपर्यंत ऐकून घेतले पाहिजे, हा विचार चारशेहून अधिक वर्षांपूर्वी छापला गेला होता; मात्र त्यामागील चिंता देहाची नसून आत्म्याची होती.

याच काळात स्पेनमधील ओन्या येथील बेनेडिक्टिन मठात पेद्रो पोन्से दे लेओन (मृत्यू १५८४) हा सरदार घराण्यांतील कर्णबधिर मुलांना शिकवीत असे. या मठवासीयांना मौनव्रताच्या काळात वापरावयाच्या खुणांचा परिचय होता. १६२० मध्ये हुआन पाब्लो बोनेत याने मुक्यांना बोलावयास शिकविण्याच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात एकहाती वर्णमालेची चित्रे दिली. ही परंपरा पुढे फ्रान्समार्गे अमेरिकेत गेली. इंग्लंडमध्ये जॉन बुल्वर (१६०६–५६) या वैद्याने १६४४ मध्ये हातांच्या नैसर्गिक भाषेवर कायरोलॉजिया हा ग्रंथ लिहिला आणि १६४८ च्या फिलोकोफस या ग्रंथात कर्णबधिरांच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. हाताच्या भाषेकडे एका वैद्याने इतक्या गांभीर्याने पाहण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. १६९८ मध्ये लंडन येथे एका निनावी लेखकाने दोन हातांची वर्णमाला डिजिटी लिंग्वा या पुस्तिकेत प्रसिद्ध केली. ब्रिटिश वर्णमाला तेव्हापासून दोन हातांची राहिली आणि भारतीय खुणांच्या भाषेतील रोमन अक्षरांची हस्तवर्णमालाही बहुतांशी तिच्याच वळणाची आहे. हा भेद वरवर किरकोळ वाटला, तरी एक हात जखमी झालेल्या रुग्णाच्या दृष्टीने तो किरकोळ नाही.

शाळा आणि वैद्य : आबे शार्ल मिशेल द लेपे (१७१२–८९) याने १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये कर्णबधिर मुलांसाठी शाळा चालविण्यास प्रारंभ केला. मुलांच्या स्वतःच्या खुणांना शिक्षणाचे माध्यम मानणारी ही पहिली मोठी संस्था. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ मध्ये, ती राष्ट्रीय संस्था झाली. या संस्थेत शिकलेला कर्णबधिर शिक्षक लोराँ क्लेर व अमेरिकन धर्मोपदेशक टॉमस गॅलॉडेट यांनी १८१७ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे शाळा स्थापन केली. शाळांमुळे विखुरलेले कर्णबधिर एकत्र आले व त्यांच्या खुणांना समाजाची भाषा म्हणून स्थैर्य लाभले.

याच पॅरिस संस्थेत १८०० च्या अखेरीस झां मार्क गास्पार ईतार (१७७४–१८३८) हा निवासी वैद्य म्हणून रुजू झाला. बहिरेपणा बरा करण्यासाठी त्याने विद्यार्थ्यांवर विजेचे झटके, जळवा, कानाच्या पडद्यास छिद्र पाडणे, मध्यकर्णाकडे जाणाऱ्या नलिकेत सळई घालणे असे अनेक यातनामय प्रयोग केले. ते निष्फळ ठरले व वैद्यकाचा येथे इलाज नाही, हे त्याला मान्य करावे लागले. १८२१ मध्ये प्रसिद्ध झालेला कर्णरोगांवरील त्याचा ग्रंथ या विषयातील एक आद्य ग्रंथ मानला जातो. शिक्षणातील खुणांचे स्थान त्याने आपल्या उत्तरायुष्यात मान्य केले. ज्या इमारतीत खुणांची भाषा वर्गावर्गांत चालत होती, तेथेच वैद्याने आपल्या रुग्णांच्या कानांकडे दीर्घकाळ लक्ष दिले आणि हातांकडे मात्र उशिरा पाहिले, ही गोष्ट पुढील दीड शतकाच्या दृष्टीने सूचक आहे.

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांऐवजी केवळ बोलणे व ओष्ठवाचन यांवर आधारलेली मौखिक पद्धती श्रेष्ठ ठरविली. परिषदेच्या १६४ प्रतिनिधींमध्ये कर्णबधिर प्रतिनिधी एकच होता. या ठरावानंतर यूरोपातील बहुसंख्य शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली व कर्णबधिर शिक्षकांची संख्या घटली. या ठरावाचा रुग्णालयांशी थेट संबंध नव्हता. परंतु परिणाम तेथेही जाणवला. सुशिक्षित कर्णबधिर माणूस ओठांवरून बोलणे ओळखतो, अशी समजूत रूढ झाली आणि डॉक्टरांना दुभाष्याची गरज भासेनाशी झाली. वस्तुतः ओठांवर सर्व ध्वनी दिसत नाहीत. मराठीतील प, ब आणि म हे ध्वनी ओठांवर सारखेच दिसतात. त्यामुळे ‘पोट’ दुखते की ‘बोट’ दुखते, हे केवळ ओठांवरून सांगता येत नाही. संदर्भ ठाऊक असलेल्या नेहमीच्या संभाषणात ही उणीव भरून निघते. अपघातानंतरच्या गोंधळात ती भरून निघेलच असे नाही. मिलान येथील ठरावांबद्दल २०१० मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या याच परिषदेच्या अधिवेशनात खेद व्यक्त करण्यात आला.

मेंदूविज्ञानाची साक्ष : खुणांच्या भाषेकडे वैद्यकाने नव्याने पाहिले, ते कानांमुळे नव्हे, तर मेंदूमुळे. ब्रिटिश तंत्रिकावैज्ञानिक जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन (१८३५–१९११) याने १८७८ मध्ये असे अनुमान मांडले, की मेंदूच्या विशिष्ट भागास इजा झाल्यास कर्णबधिर व्यक्ती आपली स्वाभाविक खुणांची पद्धती गमावू शकेल. १८९६ मध्ये फ्रान्समधील मॉंपेल्ये येथील झोझेफ ग्रासे याने एका कर्णबधिर रुग्णातील ‘उजव्या हाताच्या वाचाघाता’चा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९६० मध्ये विल्यम स्टोको (१९१९–२०००) याने वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट महाविद्यालयात अमेरिकन खुणांच्या भाषेचे विश्लेषण करून तिची रचना ही भाषेचीच रचना आहे, हे दाखवून दिले. त्यानंतर हॉवर्ड पॉइझनर, एडवर्ड क्लायमा व उर्सुला बेलुगी यांनी कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत केलेले संशोधन १९८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. प्रमस्तिष्काच्या डाव्या गोलार्धास इजा झालेल्या कर्णबधिरांमध्ये खुणांचा वाचाघात दिसतो. उजव्या गोलार्धाच्या इजेत अवकाशीय जाणीव बिघडली, तरी भाषा बरीचशी शाबूत राहते, असे त्यांना आढळले.

या निष्कर्षाचा तातडीच्या चिकित्सेशी निकटचा संबंध आहे. पक्षाघाताची प्राथमिक लक्षणे शोधताना रुग्णाचे बोलणे अडखळते काय, हे पाहिले जाते. कर्णबधिर रुग्णाच्या बाबतीत हेच लक्षण त्याच्या खुणा विस्कळीत होण्यात, शब्द न सापडण्यात किंवा अर्थहीन हातवारे होण्यात दिसते. ती भाषा न जाणणाऱ्याला नेहमीच्या खुणा आणि विस्कटलेल्या खुणा सारख्याच वाटतात. त्यामुळे पक्षाघातातील मोलाचा वेळ वाया जाण्याचा धोका संभवतो.

ग्रेअम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये तयार केलेली ग्लासगो जाणीवश्रेणी हे याचे दुसरे उदाहरण. डोळे उघडणे (कमाल ४ गुण), शाब्दिक प्रतिसाद (५) आणि हालचालींचा प्रतिसाद (६) अशा तीन घटकांना मिळून ३ ते १५ गुण दिले जातात. या तिन्ही घटकांत आवाजाला प्रतिसाद अपेक्षित असणाऱ्या पायऱ्या आहेत. पूर्ण शुद्धीवर असलेला, डोळे उघडे असलेला कर्णबधिर रुग्ण तोंडी प्रश्नास उत्तर देणार नाही आणि ‘हात वर करा’ ही तोंडी आज्ञाही पाळणार नाही. वेदना दिल्यास मात्र तिच्या जागी हात नेईल. आंधळेपणाने गुण दिल्यास त्याची बेरीज ४, १ व ५ मिळून १० होईल. म्हणजे १५ गुणांच्या व्यक्तीची नोंद डोक्यास मध्यम स्वरूपाची इजा झालेला रुग्ण म्हणून होईल. उलट, बहिरेपणामुळेच प्रतिसाद नाही असे समजून खरोखर ढासळत चाललेल्या शुद्धीकडे दुर्लक्ष होणे, हा तितकाच गंभीर धोका आहे. दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग एकच : प्रश्न व आज्ञा रुग्णाच्या भाषेत दिल्या गेल्या पाहिजेत.

दूरध्वनी व मदतीची हाक : अलेक्झांडर ग्रेअम बेल हा कर्णबधिरांचा शिक्षक व मौखिक पद्धतीचा कट्टर पुरस्कर्ता होता. त्याने १८७६ मध्ये एकस्व मिळविलेल्या दूरध्वनीने जगाला जवळ आणले. पण कर्णबधिरांना मदतीपासून आणखी दूर लोटले. १९३७ मध्ये लंडनमध्ये ९९९ आणि १९६८ मध्ये अमेरिकेत ९११ या तातडीच्या क्रमांकांच्या सेवा सुरू झाल्या. त्यानंतर आग, चोरी वा हृदयविकार अशा प्रसंगी दूरध्वनी हेच मदतीचे प्रवेशद्वार झाले. कर्णबधिर कुटुंबाला मात्र शेजाऱ्याचे दार ठोठावणे किंवा ऐकू येणाऱ्या लहान मुलाच्या हाती दूरध्वनी देणे, हेच उपाय उरले.

१९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट (१९२०–८३) या कर्णबधिर भौतिकीविज्ञाने दूरमुद्रकाचे विद्युत् संकेत ध्वनीत रूपांतरित करून साध्या दूरध्वनीवरून पाठविण्याची युक्ती शोधून काढली. जेम्स मार्स्टर्स हा कर्णबधिर दंतवैद्य या कामात त्याचा सहकारी होता. जुने, मोडीत निघालेले दूरमुद्रक दुरुस्त करून ते घरोघर बसविण्यात आले. अमेरिकेतील १९९० च्या विकलांगविषयक कायद्याने तातडीच्या सेवांना अशा यंत्रांवरून येणारी हाक थेट स्वीकारणे बंधनकारक केले. ९११ क्रमांकावर लिखित संदेश पाठविण्याची सोय २०१४ पासून उपलब्ध होत गेली. फ्रान्समध्ये ११४ हा स्वतंत्र क्रमांक सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झाला व त्याचे केंद्र ग्रनॉब्ल येथील विद्यापीठीय रुग्णालयात ठेवण्यात आले. ब्रिटनमध्ये जून २०२२ मध्ये दृक्‌चित्राद्वारे ब्रिटिश खुणांच्या भाषेतून ९९९ शी संपर्क साधण्याची सेवा सुरू झाली. लिखित संदेशापेक्षा ही सोय वेगळी आहे. कारण अनेक कर्णबधिरांच्या दृष्टीने लिखित भाषा ही दुसरी भाषा असते आणि घाबरलेला मनुष्य आपल्या पहिल्या भाषेतच बोलतो.

कायदा व न्यायनिवाडे : अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ नुसार शासकीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थांना विकलांगतेच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई झाली. मात्र नियम होत नसल्यामुळे एप्रिल १९७७ मध्ये विकलांगांनी सरकारी कचेऱ्यांत ठिय्या आंदोलन केले. त्यानंतर जारी झालेल्या नियमांत, रुग्णालयांनी श्रवणदोष असलेल्या व्यक्तींशी तातडीच्या उपचारांसाठी परिणामकारक संपर्क साधण्याची कार्यपद्धती आखली पाहिजे, अशी स्पष्ट तरतूद होती. वैद्यकीय आणीबाणी आणि संवाद यांची सांगड घालणाऱ्या आरंभीच्या कायदेशीर तरतुदींपैकी ही एक होय.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९७ मध्ये दिलेला एल्ड्रिज विरुद्ध ब्रिटिश कोलंबिया हा निवाडा या विषयात मूलभूत मानला जातो. या दाव्यातील एका कर्णबधिर मातेने मुदतीपूर्वीच जुळ्यांना जन्म दिला. प्रसूतीच्या वेळी दुभाषी नव्हता. एका बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावल्याचे परिचारिकेने तिला हातवाऱ्यांनी सुचविले. जन्मताच बाळांना दुसरीकडे नेण्यात आले आणि ती ठीक आहेत एवढी चिठ्ठी तिला देण्यात आली. त्यापलीकडे कोणी काही समजावून सांगितले नाही. प्रांतिक शासन वैद्यकीय सेवा विनामूल्य पुरवीत होते, पण दुभाष्याचा खर्च ही वेगळी बाब आहे असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते एकमताने फेटाळले. परिणामकारक संवाद हा वैद्यकीय सेवेचा अविभाज्य भाग असून तो न पुरविणे म्हणजे समानतेच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय त्याने दिला.

यंत्राद्वारे दूरवरच्या दुभाष्याचे चित्र पडद्यावर आणण्याची पद्धत एकविसाव्या शतकात रुग्णालयांत रूढ झाली. पण चित्र गोठणे, यंत्र बंद पडणे, पडून असलेल्या रुग्णाला पडदा न दिसणे अशा तक्रारी वाढल्या. अशाच एका दाव्यात अमेरिकेच्या अकराव्या मंडल न्यायालयाने २०१७ मध्ये असे स्पष्ट केले, की उपचार चुकले काय हा खरा प्रश्न नसून रुग्णाला माहितीची देवाणघेवाण इतरांप्रमाणे करता आली काय, हा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकृत केलेल्या विकलांग व्यक्तींच्या हक्कविषयक संकेतात खुणांच्या भाषांना भाषा म्हणून मान्यता असून, अकराव्या अनुच्छेदात संकटकाळी संरक्षणाची जबाबदारी राष्ट्रांवर टाकली आहे.

रुग्णालयीन सेवा : केवळ दुभाषी पुरविल्याने प्रश्न सुटत नाही, हे एड्सच्या साथीत प्रकर्षाने दिसून आले. एचआयव्ही ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द खुणांत ‘चांगले’ या अर्थाने पोहोचून रुग्णांचा गैरसमज झाल्याची उदाहरणे पुढे आली. आरोग्यविषयक जाहिराती कर्णबधिरांपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. या पार्श्वभूमीवर पॅरिसच्या पीत्ये-साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉ. झां दाग्रॉं यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये खुणांच्या भाषेतून उपचार करणारा कक्ष सुरू झाला. त्यात खुणा जाणणारे डॉक्टर, दुभाषी आणि कर्णबधिर कर्मचारी एकत्र काम करीत. फ्रान्समधील इतर शहरांतही पुढे असे कक्ष उघडण्यात आले. २०२० मध्ये कोव्हिड-१९ च्या साथीत मुखपट्ट्यांमुळे ओष्ठवाचन अशक्य झाले, नातेवाइकांना कक्षात प्रवेश नाकारला गेला आणि अतिदक्षता विभागातील कर्णबधिर रुग्ण एकाकी पडले. शासकीय निवेदने खुणांच्या भाषेतून व्हावीत, ही मागणी त्या वर्षी अनेक देशांत झाली. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानातील कोव्हिडविषयक निवेदनांबाबत न्यायालयाला तसा आदेश द्यावा लागला.

भारत : भारतात कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नाने सुरू झाली, कलकत्ता येथील शाळा १८९३ मध्ये निघाली. मौखिक पद्धतीचा पगडा येथेही दीर्घकाळ राहिला व खुणांची भाषा वसतिगृहांत आणि मैदानांवर वाढली. मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व कर्क विल्सन यांनी १९७० नंतरच्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणांचा अभ्यास सुरू केला. या नगरांतील खुणांत भेद असले, तरी त्या परस्परांशी निकट संबंधित आहेत, असे त्यांना आढळले. बोलभाषांची सीमा ओलांडणारे हे साम्य वैद्यकीय सेवेच्या दृष्टीने सोयीचे आहे. मुंबईत शिकलेला दुभाषी परप्रांतीय रुग्णाशीही बव्हंशी संवाद साधू शकतो. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली व तेथे २००१ पासून ऐकणाऱ्यांना या भाषेचे रीतसर शिक्षण मिळू लागले. दिल्ली येथे सप्टेंबर २०१५ मध्ये भारतीय खुणांच्या भाषेचे स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा दृक्‌कोश प्रसिद्ध केला. २०१९ मध्ये ती संख्या ६,००० व २०२१ मध्ये १०,००० झाली. त्यात वैद्यकीय संज्ञांचा स्वतंत्र विभाग आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सु. ५० लाख ७० हजार होती. त्यांपैकी सर्वच खुणांची भाषा वापरीत नाहीत. खेड्यापाड्यांतील अनेकांना शाळाच लाभलेली नसते. त्यांच्या घरगुती खुणा फक्त आईवडील व भावंडे जाणतात. अशा रुग्णाजवळ प्रशिक्षित दुभाष्याइतकेच त्या नातेवाइकाला थांबू देणे आवश्यक असते. विकलांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१६ च्या कायद्याने संवादाच्या व्याख्येत खुणांच्या भाषेचा अंतर्भाव केला असून कलम ८ मध्ये आपत्तीच्या प्रसंगी समान संरक्षणाची हमी दिली आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये आंध्र प्रदेशात व २०१४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली; तिचा पाया आवाजी दूरध्वनी हाच होता. २०१८–१९ पासून राज्याराज्यांत सुरू झालेल्या ११२ या एकत्रित सेवेत भ्रमणध्वनीवरील अनुप्रयोगाद्वारेही मदत मागता येते.

प्रत्यक्ष व्यवहार : प्रथमोपचार करणाऱ्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट असते. कर्णबधिर रुग्णाचे लक्ष वेधण्यासाठी ओरडण्याऐवजी त्याच्या दृष्टिपथात यावे, हात हलवावा किंवा खांद्यास हलकेच स्पर्श करावा. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहावे; रात्री विजेरीचा झोत रुग्णाच्या डोळ्यांत मारल्यास त्याला काहीच दिसत नाही. मानेस इजा झाल्याच्या शंकेने मान स्थिर केली असल्यास रुग्णाला वळून पाहता येत नाही. म्हणून त्याच्या चेहऱ्यासमोर वाकून खुणा कराव्यात. कोणतीही क्रिया करण्यापूर्वी ती दाखवावी. डोळ्यांवर पट्टी बांधणे अपरिहार्य असल्यास आधी समजावून सांगावे आणि नंतर हाताच्या स्पर्शाने धीर द्यावा.

सर्वांत महत्त्वाचा नियम हातांविषयी आहे. सलाईनची सुई शक्यतो रुग्ण ज्या हाताने प्रामुख्याने खुणा करतो, त्या हातास लावू नये. दोन्ही हात एकाच वेळी जखडू नयेत. ऐकणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हात बांधणे ही केवळ सावधगिरी असते. खुणांची भाषा वापरणाऱ्याच्या बाबतीत त्याचा अर्थ तोंडात बोळा कोंबणे असा होतो. खुणा करताना भुवया उंचावणे, गाल फुगविणे, मान हलविणे हे व्याकरणाचे भाग असतात. त्यांवरून वेदना, वेड किंवा आक्रमकता यांचे निदान करू नये. रुग्णाने मान डोलावली म्हणजे त्याला समजले असे नव्हे. त्याने समजलेली गोष्ट परत सांगावी, अशी विनंती करणे अधिक सुरक्षित. वेदना, श्वास, रक्त, गर्भवती, औषध, वावडे, कधीपासून, थांबा अशा मोजक्या खुणा व चित्रफलक पहिल्या काही मिनिटांत उपयोगी पडतात. परंतु रोगाचा पूर्वेतिहास, निदान आणि शस्त्रक्रियेची संमती यांसाठी प्रशिक्षित दुभाषी अनिवार्य असतो. हे काम रुग्णाच्या अल्पवयीन मुलांवर सोपविणे अयोग्य होय. मातेच्या गर्भपाताचे किंवा पित्याच्या असाध्य रोगाचे वृत्त तिच्या वा त्याच्याच मुलाच्या हातून कळविले जाऊ नये.

या ज्ञानाचा प्रसार मुख्यतः प्रशिक्षणावर अवलंबून आहे. प्रथमोपचाराचे वर्ग कर्णबधिरांसाठी त्यांच्याच भाषेतून चालविले गेल्यास ते केवळ मदत घेणारे राहत नाहीत. आवाज पोहोचत नाही अशा गोंगाटात, धुरात वा काचेपलीकडे हाताच्या खुणांनी एकमेकांशी बोलता येणे, ही त्यांची जमेची बाजू ठरते. परिचारिका, रुग्णवाहिकेवरील कर्मचारी व पोलीस यांच्या अभ्यासक्रमांत या भाषेचा अल्प परिचय आणि दुभाष्याला केव्हा व कसे पाचारण करावे याची माहिती असणे, ही त्याची दुसरी बाजू होय.